खाटेला विमा, गोळीला नाही

आरोग्य विमा म्हटलं की डोळ्यांसमोर दवाखान्यातली खाट येते. पेशंट भरती झाला, चोवीस तास राहिला, की क्लेम. अपघाताला, ऑपरेशनला हे ठीक आहे. पण जो आजार जन्मभर सोबत राहतो आणि रोजच्या गोळीवर आटोक्यात राहतो, त्याचं काय?

थॅलेसेमिया मेजर घ्या. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात, यकृतात साचतं. म्हणून डेफेरासिरॉक्ससारखी लोह काढणारी गोळी रोज घ्यायची. डोस वजनावर ठरतो. पोर वाढतं तसा खर्चही वाढतो.

इथे इंदूरमध्येच माझा मावसभाऊ या आजाराचा पेशंट आहे. रक्त चढवल्याचं बिल पॉलिसीतून मंजूर होतं, गोळ्यांचं परत येतं. भरती नाही, म्हणून पैसे नाहीत. सरकारी दवाखान्यात साठा संपला की चिठ्ठी बाहेरची. महिनाअखेरीस मावशी गोळी एक दिवसाआड देते. मग फेरिटिन वाढलं की डॉक्टर रागावतात तेही तिलाच.

२०१८ च्या आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. ही मोठीच गोष्ट. पण तीही भरतीभोवतीच फिरते. भरतीनंतरची औषधं मिळतात ती १५ दिवसांची.

कुणी म्हणेल, विमा अचानक येणाऱ्या संकटासाठी असतो. ठरलेला खर्च त्यात घातला तर हप्ते वाढतील. मुद्दा खरा आहे. पण गोळ्या चुकत गेल्या की पुढे हृदय बिघडतं, आणि त्या भरतीचं मोठं बिल विमाच भरतो. आधी गोळी नाकारायची, मग आयसीयूचे पैसे द्यायचे, हा कसला हिशेब?

२०१६ च्या दिव्यांगजन कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल हे तिन्ही आहेत. म्हणजे यादी तयारच आहे. निदान या तिघांची रोजची औषधं आयुष्मानमध्ये घ्यावीत, खासगी पॉलिसीतही सक्तीची करावीत, असं माझं मत आहे.

रक्तदान शिबिरात आपण हौसेनं रांग लावतो. लावायलाच हवी. पण त्या रक्ताबरोबर गेलेलं लोह काढणाऱ्या गोळीबद्दलही बोलूया. सुरुवात घरापासून करा. आपल्या पॉलिसीत भरती न होता घेतलेली औषधं बसतात का, एकदा वाचून बघा.