पदवी दारी आली. वेळ कोण देणार?

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे नाव पुष्कळांच्या कानावरूनही गेलेले नसेल. पण ही विद्या ज्या घरात पोचलेली नाही, असे घर आज शोधूनही सापडणार नाही. मोबाईलचा चार्जर, कोपऱ्यातला इन्व्हर्टर, दारातली विजेवर चालणारी स्कूटर, या साऱ्यांच्या पोटात तीच बसलेली आहे. विजेचे एक रूप बदलून दुसरे करायचे आणि त्यात नासाडी कमीत कमी होऊ द्यायची, हे तिचे काम. त्यासाठी एक चिमुकला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केला जातो. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत १५०० मेगावॉट वीज ५०० किलोव्होल्टच्या डीसी प्रवाहाने आणणारी वाहिनी १९९९ साली सुरू झाली, तीही याच विद्येच्या बळावर.

अडचण अशी की, ही विद्या लवकर शिळी होते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेला इंजिनीअर सिलिकॉनचे थायरिस्टर आणि आयजीबीटी शिकून बाहेर पडला. आता सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइड आले आहेत. त्यांचे स्विच कितीतरी वेगाने चालतात, त्यामुळे यंत्र लहान होते. पण जोडणीतली जी चूक पूर्वी खपून जात असे, ती आता महागात पडते. म्हणजे चाळिशीच्या माणसाला पुन्हा पाटी घेऊन बसणे आले.

पूर्वी त्यासाठी गेट परीक्षा द्यायची, नोकरी सोडायची आणि दोन वर्षे वसतिगृहात काढायची, हाच मार्ग होता. घराचे हप्ते भरणाऱ्याला तो बंदच. आज अमेरिकेतले कोलोरॅडो विद्यापीठ आपल्या बोल्डर येथील शाखेतर्फे इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची मास्टर्स पदवी ऑनलाइन देते. तीत पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हा प्रमुख विषय आहे, आणि तो शिकवणाऱ्या एरिक्सन व मॅक्सिमोविच यांचे पाठ्यपुस्तक जगभर वापरले जाते. प्रवेशपरीक्षा नाही, सुरुवातीचे ठरावीक अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पार केले की प्रवेश मिळतो. फी मात्र डॉलरमध्ये. ती झेपत नसेल, तर आपल्या आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटेल’ उपक्रमात याच विषयावरची व्याख्याने फुकट ऐकता येतात. कानपूरच्या आयआयटीने नोकरदारांसाठी गेटची अट नसलेल्या ई-मास्टर्स पदव्याही काढल्या आहेत.

तेव्हा ज्ञान दारी आले, यात शंका नाही. पण पदवीची किंमत कोण ठरवतो, हे आधी पाहावे. काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दणका दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या पुन्हा परीक्षा देईपर्यंत स्थगित झाल्या, त्यानंतरच्यांच्या रद्दच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनीही ऑनलाइन पदव्यांच्या यादीतून अभियांत्रिकी वगळली. म्हणून फी भरण्यापूर्वी ही पदवी सरकारी नोकरीला, बढतीला किंवा पीएच.डी.ला चालेल का, हे लेखी विचारून घ्यावे. कर्जाच्या कागदांवर आयुष्यभर सह्या घेतलेल्या माणसाचा हा सल्ला आहे.

दुसरा प्रश्न हाताचा. संगणकावर काढलेले सर्किट कधी जळत नाही. गुंडाळी कशाने तापते, पडद्यावरची लाट अचानक का थरथरते, हे टेबलावर बसून, दोन-चार ट्रान्झिस्टर फुकट घालवूनच कळते. नोकरदार विद्यार्थ्याला इथे एक सोय असते. त्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा असते. संध्याकाळी सहानंतर साहेब तिची किल्ली देतील का, एवढाच प्रश्न.

खरी गोम इथेच आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या आकड्यांवर २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होते. पैसा गुंतला की नेट टिकतो, हे खरे; तरी निम्म्याहून अधिक गळालेच. ही सारी माणसे आळशी होती, असे मला वाटत नाही. कित्येकांना वेळच पुरला नसेल.

बँकांमध्ये आम्हाला सीएआयआयबीची परीक्षा होती. तिचा एकेक भाग पास झाला की पगारात वाढ मिळे. त्या दोन पैशांसाठी कॅशवर बसणारी मंडळी रात्री पुस्तके उघडत. रकमेपेक्षा मोठी गोष्ट ही की, तुझ्या अभ्यासाचा आम्हाला उपयोग आहे, असे मालकच सांगत होता. आज विजेच्या गाड्या आणि सौर उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या कुशल माणसे मिळत नाहीत म्हणून हळहळतात. त्यांनी फीचा काही वाटा उचलावा, आठवड्यातला अर्धा दिवस सोडावा आणि प्रयोगशाळा उघडी ठेवावी.

नाहीतर हा वेळ घरातून कापला जातो. नवरा शिकत असेल, तर मुलांचा गृहपाठ आणि आजारी सासूबाई बायकोच्या वाट्याला येतात. बायकोच इंजिनीअर असेल, तर तिचा वर्ग रात्री ओटा आवरल्यावर सुरू होतो. सर्वांत आधी गळते ती तीच. शिकलेल्या माणसाचा फायदा कारखान्याला मिळणार असेल, तर त्याची सगळी उधारी घराच्या खात्यावर टाकणे हा हिशेब बरोबर नाही.