मोतीचे केस, कटासणं आणि व्हॅक्यूम क्लीनर



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी कुत्र्याच्या केसांवरून भांडण व्हायचंच बाकी राहिलं होतं. मोती आमचा देशी कुत्रा. दोन वर्षांपूर्वी पावसात भिजत दारात येऊन बसला, तो बसलाच. सासूबाई सकाळी सामायिकाला बसायच्या आणि लोकरीच्या कटासण्यावर पांढरे केसच केस. एक दिवस त्या म्हणाल्या, "याला मागच्या अंगणात बांधा आता."

मे महिन्यात आपल्या भंडाऱ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मागचं अंगण म्हणजे फरशी आणि वर पत्रा. मला पहिल्या अणुव्रताचे अतिचार आठवले. त्यांत पहिलाच 'बंध'. ज्या जिवाला आपण घरात घेतलं, त्याला केसांच्या त्रासापायी दिवसभर उन्हात बांधायचं आणि आत बसून समभावाची साधना करायची, हे काही पटेना. पण सासूबाईंचंही चूक नव्हतं. त्यांना दम्याचा त्रास, वय झालेलं, आणि सामायिकाची जागा स्वच्छ असावी ही अपेक्षा रास्तच.

म्हणून व्हॅक्यूम क्लीनरचा विषय निघाला. लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. स्थानकात एकीनं विचारलं, "अगं, त्यात मुंग्या, कोळी ओढले जातात. पुंजणी वापरणाऱ्या आपण, हे यंत्र कसं चालेल?"

प्रश्न खरा आहे, तो हसून टाळू नये. यंत्राला डोळे नसतात. केस आणि मुंगी यांतला फरक त्याला कळत नाही. पण दुसरी बाजूही बघा. केस, लोकर आणि कातडीचा कोंडा कोपऱ्यात, दिवाणाखाली साचू दिला की त्यात कसर लागते, किडे होतात. मग घरोघरी औषध फवारणाऱ्याला बोलावलं जातं. जीव निर्माण होतील अशी जागा आपणच करायची आणि नंतर ते मारायचे, याला जयणा कशी म्हणायची? माझं मत स्पष्ट आहे: रोज, बघून, थोडं थोडं साफ करणं ही जयणा. हातात झाडू आहे की यंत्र, हा प्रश्न त्यानंतरचा. न बघता फटाफट मारलेल्या झाडूखालीही मुंग्या जातातच.

आता यंत्र निवडताना काय बघायचं ते सांगते.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या वॅटवर जाऊ नका. ते यंत्र किती वीज खातं याचा आकडा आहे, किती जोरात ओढतं याचा नव्हे. दुकानात एखाद्या गादीवर चालवून दाखवायला सांगा.

आपल्या घरांत गालिचे कमी. टाइल्स, मोझेक किंवा शहाबादी फरशी असते. गालिच्यासाठी केलेला कडक केसांचा फिरता ब्रश आपल्याला जमिनीवर लागत नाही. तो कडक फरशीवर केस उडवतो, आणि समोर आलेल्या जिवाला वाचायची संधीही देत नाही. जमिनीसाठी मऊ किंवा साधं तोंड घ्या. फिरता ब्रश असलाच तर तो बंद करता येतो का, हे विचारा.

खरी अडचण गादी, सोफा आणि लोकरीची असते. देशी कुत्र्याचे केस आखूड आणि ताठ, ते सुईसारखे कापडाच्या विणीत घुसतात. नुसत्या ओढीनं निघत नाहीत. आधी भांडी घासायचा रबरी हातमोजा घालून एकाच दिशेनं हात फिरवा, केसांचा गोळा होतो. मग यंत्र लावा. ज्यांच्याकडे लांब केसांचं मांजर किंवा कुत्रा आहे, त्यांना उलटा त्रास: केस ब्रशला गुंडाळतात. त्यांनी ब्रश सहज बाहेर काढता येतो का, ते बघावं.

कचऱ्याचा डबा पारदर्शक घ्या. पिशवीच्या यंत्रात धूळ कमी उडते, हे खरं. पण आत काय गेलं ते दिसत नाही. पारदर्शक डब्यात जीव दिसला तर मी यंत्र तिथेच थांबवते आणि डबा अंगणात सावलीत उघडते. सगळे वाचतात असं नाही, पण काही वाचतात.

घरात दमेकरी असेल तर हेपा फिल्टर हवाच. नाहीतर बारीक धूळ मागच्या बाजूनं परत खोलीत येते. डबा रिकामा करायचं काम मात्र दमेकऱ्याला देऊ नका. फिल्टर धुता येत असेल तर एक जास्तीचा घेऊन ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओला बसवला की बुरशी धरतो. बुरशी म्हणजे अनंतकाय, हे तुम्हाला सांगायला नको.

बॅटरीचं हलकं यंत्र वीज गेली तरी चालतं, पण जोरात लावलं की लवकर उतरतं. दोन-तीन खोल्यांना ते पुरतं. मोठं पिंपासारखं यंत्र घेऊ नका. ऐंशी-नव्वदच्या दशकात दारोदारच्या विक्रेत्यांकडून हौसेनं घेतलेली किती यंत्रं माळ्यावर पडली आहेत, आठवा. अपरिग्रह इथेही लागू होतो. आणि दुरुस्ती गावात होते की ६० किलोमीटरवर नागपूरला न्यावं लागतं, हे पैसे देण्याआधी विचारा.

माझी रोजची पद्धत अशी. आधी कोपऱ्यांत, उंबऱ्याशी आणि दिवाणाखाली पुंजणी फिरवते, मुंग्यांची रांग असेल तर तो भाग सोडते. मग यंत्र, दिवसाउजेडी. ओला पोछा शेवटी, कारण आधी पाणी लावलं की केस फरशीला चिकटतात. मोतीला त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवते. त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, तो आवाज त्याला सोसत नाही. आणि रोज संध्याकाळी ओसरीत त्याला दहा मिनिटं विंचरते. अर्धे केस तिथेच निघतात.

सासूबाईंनी स्वतःच कटासण्यासाठी जुन्या सुती साडीची पिशवी शिवली. सामायिक झालं की कटासणं झटकून, बघून पिशवीत जातं. खरं सांगू? एवढ्यानंच सर्वांत जास्त फरक पडला. यंत्र त्यानंतर.

म्हणून घ्यायचं तर लहान घ्या, आणि डोळे उघडे ठेवून वापरा. पण केस गळतात म्हणून कोणा जिवाला उन्हात बांधू नका. हे यंत्र चालवताना माझ्याकडून नकळत जे जीव दुखावले, त्यांना रोज प्रतिक्रमणात मिच्छामि दुक्कडम् म्हणते. मोती तेव्हा दाराशी पंख्याखाली झोपलेला असतो.