उसन्या उपमांचा बाजार

इंग्रजीच्या अध्यापनांत आमच्याकडे एक विचित्र प्रघात पडला आहे. 'ॲज कूल ॲज अ ककंबर', 'ॲज वाइज ॲज ॲन आउल', 'ॲज पुअर ॲज अ चर्च माउस' अशा वीसपंचवीस उपमा एका रकान्यांत, त्यांचे मराठी अर्थ दुसऱ्या रकान्यांत, आणि दोन्ही रकाने तोंडपाठ! ज्याला ते बिनचूक म्हणतां येतात त्याचें इंग्रजी उत्तम, असें शिक्षक समजतात, पालक समजतात, आणि स्पर्धापरीक्षांचीं मार्गदर्शकेंहि तसेंच सांगतात. आमचें म्हणणें असें कीं, या घोकंपट्टीनें इंग्रजी तर येत नाहींच, उलट मराठी मात्र हातची जाते.

उपमा हा भाषेचा दागिना, असें अलंकारशास्त्राच्या पहिल्या पाठांत शिकवितात. तें अर्धेंच खरें आहे. लोकांच्या तोंडची उपमा ही आधीं साक्ष असते आणि मग दागिना. कोणीं तरी कांहीं तरी डोळ्यांनीं पाहिलेलें असतें, हातांनीं केलेलें असतें, क्वचित् जिवावर सोसलेलें असतें. आणि तें ऐकणारानेंहि पाहिलेलें असल्यामुळें एका शब्दांत काम भागतें. ही साक्ष काढून घेतली कीं उपमेचें नुसतें टरफल उरतें. आमच्या शाळांत वाटलीं जातात तीं हींच टरफलें.

दारिद्र्याला चर्चमधल्या उंदराची उपमा कां? तेथें स्वयंपाकघर नाहीं, धान्याचें कोठार नाहीं. तेथल्या उंदराला उपवासच घडायचा. हें न सांगतां मुलाला नुसता शब्द दिला, तर त्यानें काय समजावें? त्याच्या गांवच्या देवळांत नैवेद्य आहे, खोबरें आहे, गूळफुटाणे आहेत. तेथला उंदीर चांगला गुबगुबीत असतो, आणि गणपतीचें वाहन म्हणून त्याचा मानहि मोठा! 'मॅड ॲज अ हॅटर' ही उपमा तर याहून बोलकी आहे. टोपीकर म्हटला कीं आमच्या पूर्वजांना साहेब आठवे; पण टोपी करणारा कारागीर वेडा कां ठरावा? या म्हणीचा उलगडा सामान्यतः असा करतात : अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत नमद्याच्या टोप्या करतांना सशाच्या केसांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करीत. ती विषारी वाफ वर्षानुवर्षें छातींत गेल्यानें कारागिरांचे हात कांपूं लागत आणि बुद्धि भ्रमिष्ट होई. रकान्यांत 'ठार वेडा' एवढा अर्थ लिहून आम्ही मोकळे होतों. त्या दोन शब्दांमागें एका धंद्याचें केवढें दुःख दडलें आहे, याची वार्ताहि मुलाला नसते.

हीच उपमा धाराशिव जिल्ह्यांतील तेरखेड्याच्या मुलाला तिच्या कारणासह सांगून पाहा. बालाघाटच्या पठारावरचें, वाशी तालुक्यांतलें हें गांव शोभेच्या दारूकामाबद्दल महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्याशीं ज्याच्या गांवाचा रोजचा व्यवहार, त्याला धंदा माणसाचें पोट कसें भरतो आणि तोच माणसाच्या जिवावर कसा उठतो, हें शिकवावें लागत नाहीं. विलायतेंतल्या त्या टोपीवाल्याची कथा आपल्या शेजाऱ्याची म्हणून तो ऐकेल, आणि ती उपमा जन्मभर विसरणार नाहीं. म्हणजे ज्या मुलाला ही उपमा सर्वांत लवकर समजावी, त्यालाच ती आम्ही निरर्थक मंत्रासारखी पाठ करावयास लावतों.

त्याहून मोठी हानि दुसरीच आहे. या गांवाच्या धंद्यानें मराठीला काय दिलें आहे, हें त्या मुलाला कोणी सांगत नाहीं. सभेंत गर्जना करून ऐन वेळीं गप्प बसणाऱ्या पुढाऱ्याला आपण 'फुसका बार' म्हणतों. एखादी बाई एकामागून एक प्रश्न विचारूं लागली कीं फटाक्यांची माळ लागली म्हणतों. हे शब्द दारूकामाच्या अंगणांतून भाषेंत आले आहेत. त्याच जिल्ह्यांतील तेर हें संत गोरोबांचें गांव. कुंभाराच्या थापटण्यानें त्यांनीं संतमंडळींचीं डोकीं ठोकून पाहिलीं आणि नामदेवांना कच्चें ठरविलें, ही कथा घरोघर ठाऊक आहे. अपक्व माणसाला 'कच्चें मडकें' म्हणतांना आजहि तेंच थापटणें आपल्या हातांत असतें. ज्या मातींत अशा उपमा पिकल्या, तेथल्या मुलांनीं काकडीच्या थंडपणाची जपमाळ ओढावी, यापरतें दुर्दैव कोणतें?

बरें, या उसन्या मालाचें भाषांतर केलें तरी निभत नाहीं. 'कूल' मनुष्य इंग्रजीत प्रशंसेस पात्र. मराठींत 'थंड मनुष्य' म्हणजे आळशी, निरुत्साही. 'आउल' तिकडे शहाणपणाची मूर्ति. इकडे कोणास घुबड म्हणून पाहा म्हणजे कळेल! आणि 'उबदार स्वागत' हा तर वृत्तपत्रांतून रुळत चाललेला नमुना. ज्या देशांत बर्फ पडतें तेथें ऊब ही प्रेमाची खूण असणें स्वाभाविक आहे. पण उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर चढणाऱ्या मराठवाड्यांत पाहुण्याला आधीं गार पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा देतात. आमचें प्रेम शीतल आहे, सांवलीसारखें आहे. तें उबदार करण्याची गरज कोणाला पडली?

यावर आक्षेप ठरलेला आहे. संस्कृतांतले हंस, चकोर आणि हिमालयाचें हिम हेंहि आमच्या खेड्यांनीं कोठें पाहिलें होतें? खरें आहे. पण तो माल रकान्यांतून आला नाहीं. ज्ञानेश्वरांनीं १२९० मध्यें गीतेचा अर्थ मराठींत आणला तो श्रोत्यांच्या घरांतले आणि रानांतले दृष्टान्त भरभरून देऊन. पुढें कीर्तनकारांनीं शतकानुशतकें हें सारें उलगडून सांगितलें, तेव्हां कोठें तें आमचें झालें. उसनें घेण्याची रीत ही. आमचा विरोध घेण्याला नाहीं, न समजतां घेण्याला आहे.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा : इंग्रजीवांचून नोकरी नाहीं, म्हणून हें हवेंच. इंग्रजी हवें, याबद्दल वाद नाहीं. महाराष्ट्रांत २००० सालापासून तें पहिलीपासून शिकवितात. पण इंग्रजी लेखकांचें या उपमांविषयीं मत काय आहे? डिकन्सनें १८४३ मध्यें 'ए ख्रिसमस कॅरोल' लिहिली, ती आरंभींच 'दाराच्या खिळ्यासारखा मृत' या उपमेची चेष्टा करून. जॉन गेच्या ज्या गीतांत काकडीची उपमा येते, तें गीतच मुळीं उपमांच्या राशी रचून केलेला विनोद आहे. आणि जॉर्ज ऑर्वेलनें १९४६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत लेखकांना पहिलाच नियम घालून दिला कीं, छापांत नेहमीं दिसणारी उपमा वापरूं नये. साहेबानें उकिरड्यावर टाकलेला माल आम्ही माथ्यावर मिरवीत आहों!

उपाय अवघड नाहीं. पंचवीस उपमांऐवजीं पांचच शिकवाव्या. पण प्रत्येकीचें कारण सांगावें, आणि तिच्या शेजारीं मुलानें आपल्या गांवची उपमा शोधून लिहावी. कोशांची वाण नाहीं. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४२ आणि १९४७ मध्यें दोन भागांत निघाला. त्याच्याहि आधीं, १८९९ मध्यें, मॅनवेरिंग नांवाच्या इंग्रजानें मराठी म्हणींचा संग्रह छापला. परक्याला ज्याचें मोल कळलें तें घरच्यांना कळूं नये काय? पण कोशापेक्षांहि मोठें भांडार आजीच्या आणि कारागिराच्या तोंडीं आहे, आणि तें छापलेलें नाहीं.

निजामाच्या राजवटींत, १९४८ पर्यंत, या जिल्ह्यांत कचेरीची भाषा उर्दू होती. तरीहि शेतांत, जात्यावर आणि चाकावर मराठी शाबूत राहिली. २०२४ मध्यें तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि आम्ही पेढे वांटले. पण भाषा दरबारांत बसविल्यानें जगत नाहीं; मुलाला दिसलेली वस्तु त्याच्याच शब्दांत सांगतां आली तर जगते. तेवढें जर आम्ही शाळेंतून काढून घेतलें, तर त्या दर्जाचा सोहळा म्हणजे पाऊस लागलेला फटाका : वेष्टन झगझगीत, वात लांबलचक, आणि बार फुसका.