मोबाईलवरचा खेळ आणि घरातले आजोबा

इंदुरास स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने आम्हांस प्रश्न विचारला आहे. घरातील आजोबांस आताशा विसर पडू लागला आहे. जेवण आटोपून हात धुतले की पुन्हा ताट मागतात. किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडतात. नातवाने त्यांच्यासाठी मोबाईलवर ‘मेंदूच्या व्यायामाचा’ खेळ आणला आहे. त्याची वर्षाची वर्गणी भरावी काय?

प्रश्न एका घरचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. तेव्हा उत्तर रोखठोक देतो : या आशेने वर्गणी भरू नये.

अमेरिकेत १९९८ पासून पासष्टीपुढील २,८३२ स्त्री-पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. कोणास शब्द ध्यानी ठेवण्याचा, कोणास तर्काचा, कोणास चपळ नजरेचा सराव दिला. ज्याने जे घोटले त्यात तो तरबेज झाला. इतर बाबतींत फारसा फरक पडला नाही. भातकापणीत हात बसला म्हणून होडी वल्हवता येत नाही, तसेच हे. नजरेचा सराव केलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंश कमी आढळला हे खरे. परंतु ती माणसे आरंभी धडधाकट स्मृतीची होती. दुखणे जडल्यावर काय, हा प्रश्न निराळा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या अधिकृत आरोग्यसंस्थेने २०१८ साली वैद्यांस सांगितले की, सौम्य वा मध्यम अल्झायमरवर उपचार म्हणून असा सराव देऊ नये. आणि २०१६ साली ‘ल्युमॉसिटी’ या खेळाच्या कंपनीस फसव्या जाहिरातींबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २० लक्ष डॉलर भरावे लागले. म्हातारपणाची भीती हा मोठा किफायतशीर धंदा आहे!

वर्गणीच्या पैशांत आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. ‘बी-बारा’ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, मनाची खिन्नता, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर पडतो, आणि यांवर इलाज आहे. कान तपासावेत, ज्यास ऐकूच येत नाही तो लक्षात काय ठेवणार?

मग खेळ निरुपयोगी काय? मुळीच नव्हे. त्याच ‘नाइस’ने जे करावयास सांगितले ते फार साधे आहे : चार-पाच वृद्धांनी एकत्र बसून गप्पा, गाणी, शब्दांचे खेळ. २००३ साली ब्रिटनमध्ये २०१ रुग्णांवर याची परीक्षा झाली. सात आठवड्यांत चौदा बैठका, प्रत्येक पाऊण तासाची. स्मृतीत आणि जगण्याच्या समाधानात माफक, पण मोजता येण्याजोगी सुधारणा दिसली. दुखणे बरे होत नाही, हे मात्र विसरू नये.

या बैठकांतील एक नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो : परीक्षा घेऊ नये, मत विचारावे. आपल्या घरी नेमके उलट चालते. पाहुणा आला की, “ओळखा पाहू हे कोण?” म्हणून म्हाताऱ्यास उभे करतात, आणि तो चुकला की सारे हसतात. त्याची मान खाली जाते ती कोणी पाहत नाही. त्यापेक्षा इंदुरातल्या आजोबांस विचारावे : अनंत चतुर्दशीस गिरण्यांच्या झांक्या निघत, त्यांत कोणती शोभून दिसे? सराफ्यातले रात्रीचे खाणे पूर्वी चांगले की आता? हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. परंतु तिच्या भोंग्याची हकीकत जुन्या इंदूरकराच्या मनात अजून जिवंत असेल. चुकीचे उत्तर येथे संभवतच नाही. पत्ते, सोंगट्या, गाण्याच्या भेंड्या घराघरांत आहेतच. त्यांस वर्गणी पडत नाही. फक्त समोर कोणीतरी बसावे लागते. अडचण तीच आहे, हे आम्ही जाणतो.

भाषेविषयी एक गोष्ट. हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास होऊन २०१३ साली असे दिसले की, दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा प्रकटला, निरक्षरांतही! घरी मराठी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या इंदूरकराने जन्मभर फुकटात हा व्यायाम केलेला असतो. परंतु दुखणे वाढले की नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि माणूस मायबोलीकडे परततो. अशा वेळी हिंदीतच वाढलेल्या नातवंडांस आजोबांचे बोलणे कळेनासे होते. त्यांनी मोडकीतोडकी का होईना, मराठी बोलावी.

बैठक अर्ध्या तासाहून लांबवू नये. आजोबा चिडले की डाव आवरावा. आणि त्यांची उस्तवार करणारी सून थकून गेली असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची किंवा १४४१६ ही मनःस्वास्थ्याची सरकारी दूरध्वनीसेवा विनामूल्य आहे. तिने निःसंकोच फोन करावा. आणि तेवढा वेळ आजोबांसमोर नातवाने बसावे.