दहा कोटींचं वतन

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये दरवर्षी एक वाद रंगतो. वीस-एकवीस वर्षांचा एखादा पोरगा पहिल्याच हंगामात चमकला, तर संघाने त्याला लगेच आठ-दहा वर्षांसाठी बांधून घ्यावं का? तिकडचे विश्लेषक आकडेमोड करून सांगतात: घ्यावं, स्वस्तात पडतो. आकडेमोड बरोबरच आहे. पण ती कोणाच्या वहीतली आहे, हे विचारायची सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावलेली आहे. आपल्या चळवळीचा बेसबॉलशी काय संबंध, असं म्हणणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं त्या संघाच्या ताब्यात. पहिली तीन वर्षं पगार संघ ठरवेल तो, म्हणजे किमान वेतनाच्या आसपास. पुढची तीन वर्षं लवादापुढे भांडून थोडा वाढवून घ्यायचा. सहा वर्षं भरली की तो ‘फ्री एजंट’, हवं त्या संघाकडे जायला मोकळा. ही सहा वर्षं मोजण्यातही चलाखी चालते. एक वर्ष म्हणजे यादीतले १७२ दिवस. शिकागो कब्जने २०१५ साली क्रिस ब्रायंटला हंगामाचे पहिले काही दिवस खालच्या लीगमध्ये ठेवलं. वर्षाअखेरीस त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसासाठी त्याची सुटका एक वर्ष पुढे गेली. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. वेठबिगारीचा हिशेब ठेवणाऱ्या खोताच्या कारकुनालाही इतकं बारीक मोजणं जमलं नसतं.

आता दोन पोरं घ्या. रोनाल्ड अकुन्या, व्हेनेझुएलाचा. हुआन सोतो, डॉमिनिकन रिपब्लिकचा. दोघंही २०१८ च्या हंगामात मेजर लीगमध्ये आले. त्या वर्षी नॅशनल लीगमधला सर्वोत्तम नवोदित अकुन्या ठरला, सोतो दुसरा. एप्रिल २०१९ मध्ये अटलांटा ब्रेव्हजने अकुन्याशी आठ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला. वर आणखी दोन वर्षं १.७ कोटी डॉलरने ठेवायची की नाही, हा निर्णय फक्त संघाचा. म्हणजे २०२४ च्या हंगामानंतर मोकळा होणारा माणूस २०२८ पर्यंत बांधला गेला. त्याच महिन्यात त्याच संघाने कुरासाओच्या ओझी अल्बीजला सात वर्षांसाठी ३.५ कोटीत घेतलं, पुढची दोन वर्षं प्रत्येकी ७० लाखात, तीही संघाच्याच मर्जीने. हा आकडा पाहून अमेरिकेतले मालकधार्जिणे समालोचकसुद्धा चपापले होते.

सोतोने मात्र वाट पाहिली. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने पंधरा वर्षांचे ४४ कोटी पुढे केले, तो नाही म्हणाला. संघाने त्याला सॅन दिएगोला धाडला, तिथून तो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. २०२४ च्या हंगामानंतर तो मोकळा झाला आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सशी पंधरा वर्षांचा करार केला. रक्कम ७६.५ कोटी डॉलर.

सोतो शहाणा आणि अकुन्या भोळा, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा करारबद्ध होताना सोतोला १५ लाख डॉलर मिळाले होते. अल्बीजला साडेतीन लाख. अकुन्याला एक लाख. ‘नाही’ म्हणायलाही घरात काहीतरी असावं लागतं. तीन उदाहरणांवरून सिद्धांत मांडत नाही, पण ज्याच्या गाठीला कमी त्याने आधी सही केली, ही गोष्ट आपल्या वाचकाला नवी वाटणार नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हेच दाखवलं आहे. ज्याला उपाशी राहण्याची भीती आहे, त्याचं करार-स्वातंत्र्य कागदावरच राहतं.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अकुन्याचा गुडघा जुलै २०२१ मध्ये गेला. तो परत उभा राहिला, २०२३ मध्ये ४१ होमरन आणि ७३ चोरलेले बेस अशी कामगिरी केली आणि एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी त्याचा पगार १.७ कोटी, तर सर्वाधिक पगार घेणाऱ्या दोन वयस्कर गोलंदाजांचा प्रत्येकी ४.३३ कोटी. मग मे २०२४ मध्ये दुसरा गुडघा गेला. करार नसता तर सोतो ज्या हिवाळ्यात बाजारात उतरला, त्याच हिवाळ्यात अकुन्याही उतरला असता, पण लंगडत. तेव्हा सुरक्षिततेची किंमत शून्य नाही. व्हेनेझुएलातून आलेल्या पोराने एकविसाव्या वर्षी दहा कोटींवर सही केली म्हणून त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रश्न त्याच्या सहीचा नाहीच. तीन वर्षं किमान वेतनावर ठेवून, म्हणजे आधी टंचाई निर्माण करून, मग तीच टंचाई दूर करण्याची किंमत त्याच्या उमेदीच्या वर्षांत वसूल करायची, ही रचना कोणाची?

आपल्याकडे याला एक शब्द होता: वतन. तुलना पूर्ण जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. महारकी जातीने लादलेली होती आणि तिच्या बदल्यात मिळायचा तो जमिनीचा तुकडा आणि बलुतं. अकुन्या कोट्यधीश आहे. पण सौद्याची जात तीच: थोडी खात्री द्यायची आणि माणसाची हालचाल विकत घ्यायची. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं, तेव्हा आपल्यातलेच किती लोक वतनाला चिकटून होते! हातातली भाकर सोडायची कशी, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. बाबासाहेबांनी त्यांची टिंगल केली नाही, वतनावर हल्ला केला.

‘एवढे पैसे घेणारा गुलाम कसला?’ हा प्रश्नही जुनाच आहे, आणि त्याचं उत्तर एका काळ्या खेळाडूने देऊन ठेवलं आहे. कर्ट फ्लड बारा हंगाम सेंट लुईसकडून खेळला. १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हा ‘रिझर्व्ह क्लॉज’ होता, खेळाडू आयुष्यभर संघाच्या मालकीचा. वर्षाला ९० हजार डॉलर घेणाऱ्या फ्लडने आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. भरपूर पगार मिळाला तरी गुलाम हा गुलामच, असं तो टीव्हीवर बोलला. खटल्यात जॅकी रॉबिन्सनने त्याच्या बाजूने साक्ष दिली. खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. त्याची कारकीर्द तोवर संपली होती. १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने तो क्लॉज मोडला, त्याचा लाभ पुढच्यांनी घेतला. सोतोच्या ७६ कोटींत फ्लडचा वाटा आहे.

मग संघाने पोराला लवकर करारबद्ध करावं का? माझं उत्तर आहे, जरूर करावं. पण जोखीम दोघांनी वाटून घेऊन. मालक म्हणतात, पोरगा फसला तर आमचे पैसे बुडतात. बुडतात खरे. ह्यूस्टनने २०१४ मध्ये जॉन सिंगलटनला पदार्पणाआधीच एक कोटी दिले, फिलाडेल्फियाने २०१८ मध्ये स्कॉट किंगरीला २.४ कोटी. दोघंही अपेक्षेला उतरले नाहीत. त्याने कोणता मालक रस्त्यावर आला? एकटा अकुन्या असे दोन-तीन घाटे भरून काढतो. शेवटची दोन वर्षं एकतर्फी संघाच्या हाती ठेवणं ही जोखीम नव्हे, निव्वळ लोभ आहे. कॅन्सस सिटीने फेब्रुवारी २०२४ मध्ये बॉबी विट ज्युनियरला अकरा वर्षांचे २८.८७ कोटी दिले आणि सातव्या वर्षापासून करार सोडून जाण्याचा हक्कही दिला. खात्री आणि मोकळीक एकाच कागदावर बसते, हे त्या छोट्या शहराच्या संघाने दाखवलं. बाकीच्यांना जमत नाही ते पैशाअभावी नव्हे.

आणि ही सूट एकेका ताऱ्याच्या एजंटने मिळवून भागणार नाही. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी संपाला स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव म्हटलं होतं, आपली सेवा आपल्या अटींवर देण्याचा हक्क. बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेला पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेल्या मार्विन मिलरने १९६६ पासून तेच शिकवलं. खालच्या लीगमधल्या हजारो पोरांना मात्र २०२२ पर्यंत युनियनच नव्हती. उलट २०१८ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून त्यांना किमान वेतनाच्या संरक्षणातून बहुतांशी वगळलं होतं. अकुन्या आणि अल्बीज त्याच रांगेतून वर आलेले आहेत.

मालक आणि खेळाडूंमधला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. एकूण पगारावरच कमाल मर्यादा घालावी, अशी मालकांची जुनी इच्छा आहे. संघटनेने त्या टेबलावर पहिली मागणी सहा वर्षांच्या ताब्याची ठेवावी: ती चार करा, आणि पहिल्या तीन वर्षांचा पगार कामगिरीवर ठरवा. मग बघू, एकविसाव्या वर्षी किती पोरं दहा वर्षं विकायला तयार होतात.