दुधाची तहान गाजरावर?

‘एक पेला गाजराचा रस म्हणजे एक पेला दूध, किंबहुना दुधापेक्षा सरस.’ सकाळी बागेबाहेर रस विकणाऱ्यांच्या फलकांवर, घरगुती उपचारांच्या पुस्तिकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत हे विधान इतक्या वेळा समोर येते की ऐकून ऐकूनच ते खरे वाटू लागते. समोर दुसरा पक्षही तितकाच ठाम आहे: दूध हे पूर्णान्न, मुलाच्या पोटात दोन पेले दूध गेले की बाकी जेवणाची चिंता नको. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण चूक एकच करतात. ते पदार्थाची थोरवी मोजत बसतात. खाणाऱ्याच्या शरीरात काय उणे आहे, हे विचारतच नाहीत.

आधी गाजराच्या बाजूचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडू. गाजरात कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे, तंतू आहेत, अ जीवनसत्त्वाचा तर साठाच आहे. स्निग्धांश जवळजवळ नाही. दूध न पचणाऱ्याचे पोट गाजराने बिघडत नाही आणि वासराच्या वाट्याचे काही काढून घ्यावे लागत नाही. यातले एकही विधान खोटे नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

100 ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे 88 ग्रॅम पाणी असते. दाताखाली करकर वाजणाऱ्या 100 ग्रॅम कच्च्या गाजरातही सुमारे 88 ग्रॅम पाणीच असते. म्हणजे वाद आहे तो उरलेल्या 12 ग्रॅमांचा. दुधाच्या त्या वाट्यात तीन ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने, साडेतीन ग्रॅमांच्या आसपास स्निग्धांश, पावणेपाच ग्रॅम दुग्धशर्करा आणि 115 ते 120 मिलिग्रॅम कॅल्शियम. गाजराच्या वाट्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम, स्निग्धांश नावापुरता, साडेनऊ ग्रॅम कर्बोदके (त्यांत पावणेतीन ग्रॅम तंतू) आणि कॅल्शियम 33 मिलिग्रॅम. पेलाभर, म्हणजे 250 मिलिलिटर दुधातून सुमारे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तेवढे गाजरातून काढायचे तर रोज जवळजवळ 900 ग्रॅम गाजरे चावावी लागतील. रस काढून गाळून प्यायलात, तर गाजराची जी खरी मिळकत, ते तंतू, चोथ्याबरोबर फेकून दिलेत.

यावर एक चतुर उत्तर येते: वजनावर तुलना करू नका, उष्मांकांवर करा, गाजरात उष्मांक कमी, म्हणून ते मागे दिसते. ठीक आहे, तसे करून पाहू. 100 उष्मांकांच्या गाजरात सुमारे 80 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सव्वादोन ग्रॅम प्रथिने पडतात; तेवढ्याच उष्मांकांच्या दुधात सुमारे 185 मिलिग्रॅम आणि पाच ग्रॅम. माप प्रतिपक्षाचे घेतले तरी दूध दुपटीने पुढेच राहते.

या वादात महात्मा गांधींचे नाव हटकून घेतले जाते. गांधीजींनी दूध सोडले होते, मग आपल्याला का जमू नये? त्यांनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले, हे खरे. पण गोष्ट तिथे संपत नाही. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यातल्या धावपळीत आमांशाने ते मरणाच्या दारी पोचले. दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही, असे मुंबईच्या डॉ. दलालांनी बजावले. व्रत गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे होते, शेळीचे नव्हे, हा तोडगा कस्तुरबांनी काढला आणि गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी ही तडजोड मनाला टोचत राहिल्याचे लिहिले आहेच, शिवाय दुधाइतका पोषक आणि तितकाच सहज पचणारा वनस्पतिजन्य पर्याय कुणाला अनुभवाने ठाऊक असेल तर कळवावा, असे आवाहनही केले आहे. गांधीजींना दुधाच्या विरोधातला साक्षीदार म्हणून उभे करणाऱ्यांनी साक्ष पुरी वाचावी.

त्याहून मोठा मुद्दा बी-12 जीवनसत्त्वाचा. ते वनस्पतींत नसते, गाजरात तर नाहीच. मांस, मासे, अंडी न खाणाऱ्याला रोजच्या जेवणातून ते मिळते प्रामुख्याने दूध, दही, ताक यांतूनच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-12 कमी आढळले. ज्या समाजात ही स्थिती, तिथे दुधाचा पेला काढून हाती गाजराचा रस देणे हा आरोग्याचा सल्ला नव्हे. ही निव्वळ गाजरपारख.

इतके वाचून दुधाच्या बाजूने टाळ्या वाजल्या असतील, तर त्या थांबवाव्यात. ‘पूर्णान्न’ हे बिरुद दुधाला शोभत नाही. दुधात तंतू शून्य, लोह नगण्य. क जीवनसत्त्व मुळातच थोडे, तेही उकळताना घटते. 1883 मध्ये टॉमस बार्लो या इंग्रज डॉक्टरांनी लहान बाळांमधल्या स्कर्व्हीचे, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या विकाराचे, वर्णन केले. पुढे ही बाळे बहुतेक डब्यातल्या नाहीतर फार तापवलेल्या दुधावर वाढवलेली असत, हे ध्यानात आले. आजही बालरोगतज्ज्ञांकडे येणारी काही मुले अंगाने गुबगुबीत पण चेहऱ्याने फिकी असतात. दिवसभर बाटलीतून दूध चालू, त्यामुळे भूक मेलेली. वरण, भाजी, भाकरीला तोंड लागत नाही आणि रक्तातले लोह उतरत जाते. म्हणूनच एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध हे बाळाचे मुख्य पेय करू नये, असे सांगतात. शिवाय आपल्याकडे अनेक प्रौढांना दुग्धशर्करा पचत नाही. त्यांना ‘सवय होईल, पी’ म्हणणे हा हट्ट झाला. दही-ताक बहुतेकांना सोसते.

अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर पारडे पुरते फिरते. 100 ग्रॅम नारिंगी गाजरातून शरीराला सुमारे 835 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्वाइतका लाभ होऊ शकतो. तेवढ्याच दुधात ते पन्नासच्याही आत. एका मोठ्या गाजराची बरोबरी करायला पावणेदोन लिटरांहून अधिक दूध लागेल. दुधातले अ जीवनसत्त्व सायीबरोबर असते, म्हणून स्निग्धांश काढलेल्या दुधात ते वरून मिसळलेले नसेल, तर हिशेब आणखी घसरतो.

तरीही गाजराच्या नावावर नको त्या गोष्टी जमा करू नयेत. ‘गाजर लाल, म्हणून रक्त वाढवते’ हा रंगावरून काढलेला तर्क आहे. 100 ग्रॅम गाजरात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. लाल दिल्ली गाजराचा रंग बराचसा लायकोपीन या रंगद्रव्याचा, आणि लायकोपीनचे अ जीवनसत्त्व होत नाही. ‘गाजराने चष्मा जातो’ हेही तसेच. अ जीवनसत्त्व कमी पडल्याने येणारा रातांधळेपणा गाजराने टळू शकतो, पण नेत्रगोलाच्या ठेवणीमुळे लागलेला नंबर उतरत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या वैमानिकांची रात्रीची नजर गाजरांमुळे तीक्ष्ण झाल्याची हूल उठवली. जॉन कनिंगहॅम या वैमानिकाचे नाव त्यात गाजले. खरे काम विमानात बसवलेल्या रडारचे होते. युद्धातली ती थाप अजून आपल्या घरांत सल्ला म्हणून वावरते आहे.

मग खरे काय? ते पाहायला प्रयोगशाळेत जायला नको, हलव्याच्या कढईपाशी उभे राहावे. गाजराचा कीस पाण्यात उकडला तर पाण्याला रंग जेमतेम चढतो. तोच कीस तुपावर परतला की कडेने सुटणारे तूप केशरी होते. गाजरातले कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते रंगद्रव्य, पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते; शरीरातही ते स्निग्धाबरोबरच नीट शोषले जाते. शिजवल्याने पेशींच्या भिंती सैल होतात आणि ते अधिक सुटे होते. म्हणजे नुसता कच्चा रस पिण्यापेक्षा तेलाच्या फोडणीची भाजी किंवा सायीच्या दह्यातली कोशिंबीर पोषणाच्या हिशेबाने सरस. साखरेचा डोंगर न घालता केलेला, दुधात आटवलेला हलवाही त्याच रांगेतला.

विज्ञानाचा इतिहासही या दोघांना एकत्रच आणतो. अ जीवनसत्त्वाचा शोध गाजरात लागला नाही. 1913 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांना ते लोण्याच्या स्निग्धांशात सापडले. 1919 मध्ये स्टीनबॉक यांनी त्याचा संबंध पिवळ्या रंगद्रव्याशी जोडला आणि 1930 च्या सुमारास टॉमस मूर यांनी उंदरांवर दाखवून दिले की शरीर कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व बनवते. हिरवा चारा खाणाऱ्या गाईच्या तुपाला पिवळी झाक येते, ती याच कॅरोटीनची. म्हैस चाऱ्यातले कॅरोटीन जवळजवळ सगळे अ जीवनसत्त्वात बदलते, म्हणून तिचे दूध पांढरेशुभ्र. गाजरात जे आहे तेच गाय गवतातून घेते आणि आपल्याला देते.

म्हणून माझे मत असे: पर्याय शोधायचा तो पदार्थाला नव्हे, त्यातल्या घटकाला. दूध चालत नसेल, तर कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ घ्या. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमांच्या आसपास कॅल्शियम असते. प्रथिनांसाठी डाळी, हरभरा, शेंगदाणे. बी-12 साठी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी. गाजराचा हंगाम नसेल, तर शेवग्याचा पाला, माठ, अळू, लाल भोपळा, पिकलेली पपई ही त्याची जागा घेणारी घरचीच मंडळी आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक ताटात 300 मिलिलिटर दूध आणि 400 ग्रॅम भाज्या शेजारी शेजारी आहेत, एकमेकांच्या बदल्यात नाहीत.

तेव्हा ‘दुधाऐवजी गाजर घ्या’ किंवा ‘दूध आहे ना, मग भाजी कशाला’ असे कुणी सांगितले, तर वाद घालू नका, एकच विचारा: ऐवजी म्हणजे नेमके कशाऐवजी? कॅल्शियमऐवजी, प्रथिनांऐवजी, बी-12 ऐवजी, की तंतू आणि अ जीवनसत्त्वाऐवजी? उत्तर आले तर सल्ला ऐकण्यासारखा. नाही आले, तर समजा की समोरचा पदार्थ विकतो आहे, पोषण नव्हे.