वेगालाही वळण हवे

शाळेत भित्तिपत्रक करायचे ठरले, की आता रंग-कुंचल्याऐवजी संगणक पुढे येतो. विषय मोटारशर्यतीचा असेल, तर 'वेग' हा शब्द टंकित करायचा, बटण दाबून तो तिरका करायचा आणि मागे चार आडव्या रेघा ओढायच्या. झाले अक्षरचित्र तयार! या पद्धतीला माझा आक्षेप आहे. अक्षर नुसते कलले, म्हणून ते धावू लागत नाही.

कललेली आकृती धावती का वाटते, हे एका जुन्या छायाचित्रावरून समजेल. पहिल्या महायुद्धापूर्वी झाक आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने ग्रां प्री शर्यतीत धावत्या मोटारीचे छायाचित्र घेतले. त्यात चाक गोल न दिसता पुढे झुकलेल्या लंबवर्तुळासारखे दिसते. त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यातील फट उभी सरकत असे आणि चित्र एकेका पट्टीने उमटत जाई. पुढची पट्टी उमटेपर्यंत मोटार थोडी पुढे गेलेली असे! कॅमेराही मोटारीच्या रोखाने फिरत होता, म्हणून कडेचे प्रेक्षक उलट बाजूला कललेले दिसतात.

संगणक अक्षर तिरके करताना जवळजवळ हेच करतो. जो बिंदू जितका उंच, तितका तो उजवीकडे सरकतो : नवा क्ष = जुना क्ष + ०.२ × य. उंची आणि क्षेत्रफळ बदलत नाही. शिरोरेघही आडवीच राहते. परंतु उभा दंड थोडा बारीक होतो, शिरोरेघेची जाडी मात्र तेवढीच राहते. 'व'च्या गोलाईत रेघ एकीकडे जाड, तर दुसरीकडे बारीक होते. अक्षराचा तोल जातो तो असा.

मग काय करावे? शर्यतीच्या चालकाकडे पाहा. तो वळणाच्या बाहेरच्या कडेने आत शिरतो, मध्ये आतली कड गाठतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला येतो. त्यामुळे त्याच्या मार्गाची त्रिज्या वाढते. टायरांची पकड तेवढीच धरली, तर त्रिज्या दुप्पट झाल्यावर वेग सुमारे १.४ पट ठेवता येतो. वेग असतो तो अशा ऐसपैस, सावकाश सुरू होणाऱ्या वळणात. अक्षराची गोलाईही तशीच काढली पाहिजे.

अशी वळणे संगणकावर काढण्याचे गणित मोटारींच्याच कारखान्यांत जन्मले, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. मोटारीच्या बाह्यांगाचे आकार नेमके मांडण्यासाठी सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये एक रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. पुढे रेनो कंपनीतील अभियंता पिएर बेझिए यांनी अशाच वक्ररेषा प्रसिद्ध केल्या, म्हणून त्यांना बेझिए यांचे नाव मिळाले. १९८४ मध्ये आलेल्या पोस्टस्क्रिप्ट या संगणकभाषेने त्या अक्षरांसाठी वापरल्या.

ही रीत तुम्हीही करून पाहा. आलेखकागदावर (०,०), (०,४), (४,४) आणि (४,०) हे बिंदू क्रमाने जोडा. तीन रेषांचे मध्यबिंदू (०,२), (२,४), (४,२) येतील. ते जोडून पुन्हा मध्यबिंदू घ्या : (१,३) आणि (३,३). या दोहोंचा मध्यबिंदू (२,३). हा वक्ररेषेवरचा बिंदू झाला! दर वेळी मध्याऐवजी पाव अंतरावरचा बिंदू घ्या, म्हणजे वक्ररेषेवरचा आणखी एक बिंदू मिळेल. पहिला व शेवटचा बिंदू तसाच ठेवून मधले दोन सरकवले, की वळण बदलते.

तयार बटण वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. पण नुसते बटण दाबणाऱ्याला दुसऱ्याने ठरवून ठेवलेलेच मिळते. चार बिंदू कोठे ठेवायचे, हे ज्याला कळले त्याला स्वतःचे अक्षर घडवता येते. म्हणून शिक्षकांना विनंती, की अशा कामाला चित्रकलेच्या तासापुरते ठेवू नका. भूमितीच्या वहीतही त्याला जागा द्या.

अक्षराला वळण हवे, असे घरची वडीलधारी मंडळी सांगतात. संगणकावरही ते तितकेच खरे आहे. एकदा आलेखकागद घेऊन 'वेग'मधला 'व' स्वतः घडवा, आणि मग तो बटणाने तिरक्या केलेल्या 'व'शेजारी ठेवून पाहा.